आंकड्यांची मांडणी

शिरूर तालुक्यांतील मांडवगण फराटा येथें एखाद्या शेतकऱ्याची जमीन दोन एकर वीस गुंठे आहे असें समजा. एकराचे गुंठे चाळीस. म्हणजे हें क्षेत्र अडीच एकरांचें. जुन्या रीतीनें तें २.२० असें लिहीत. हें टिंब दशांशचिन्ह नव्हे, एकर व गुंठे यांमधील केवळ कुंपण आहे. दशांश समजून वाचणारा बारा गुंठ्यांना मुकतो. संगणकाला तर शेवटचें शून्य निरर्थक वाटतें, तो २.२ एवढेंच दाखवितो. आतां जुन्या रीतीनें वाचा : दोन एकर दोन गुंठे! अठरा गुंठ्यांचें रान एका शून्याबरोबर गेलें.

आमचे जुने कारकून या बाबतींत अधिक सावध होते. मोडी हिशेबांत पावासाठीं उभी रेघ असे : सव्वा १।, दीड १॥, पावणेदोन १॥।. जीभ जें बोले तेंच डोळ्यांस दिसे; मध्यें गणित करावें लागत नसे. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि चोपड्यांतून या रेघा हळूहळू लोपल्या. गंमत अशी, कीं संगणकाच्या अक्षरांची जागतिक यादी जी युनिकोड, तिनें २००९ सालीं त्यांना पुन्हा जागा दिली.

यंत्राच्या पोटांत संख्या द्विमान रूपांत असते; तिला अंगरखा चढतो तो दाखवितांना. अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास घडविलेल्या ‘सी’ भाषेंत ‘प्रिंटएफ’ ही आज्ञा त्याचसाठीं आहे : घरें किती, रिकाम्या घरांत शून्य भरावयाचें कीं नाहीं, हें तिला सांगावें लागतें. स्वल्पविरामाची गोष्ट निराळी. पाश्चात्य तीन-तीन अंक तोडतात. आपण उजवीकडून आधीं तीन, मग दोन-दोन. म्हणूनच १२,३४,५६७ पाहतांच ‘बारा लक्ष’ तोंडीं येतें. युनिकोड संघाच्या भाषासंग्रहांत मराठीसाठीं देवनागरी अंक गृहीत धरले आहेत, हिंदीसाठीं मात्र रोमन लिपीबरोबर चालणारे. मला ही निवड मोठी समाधानाची वाटते.

आजच्या सातबाऱ्यावर हेक्टर, आर व चौरस मीटर असतात. आपल्या शेतकऱ्याचें क्षेत्र तेथें १.०१.१७ होईल. दोन टिंबें असल्यानें त्याला कोणी दशांश म्हणणार नाहीं. परंतु मधलें शून्य गाळून १.१.१७ छापलें, तर तो एक आर कीं दहा, हें तलाठ्यालाच विचारावें लागेल.