कया पाटील? सुरतच्या गल्लीतल्या टपालपेट्यांची गोष्ट

आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी टपालपेट्या बदलायचा विषय निघाला आणि मिटिंगमध्ये दोन तास वाद झाला. एक तरुण पोरगा म्हणाला, "काका, आता पत्र लिहितं कोण? पेट्यांवर पैसे कशाला घालायचे?" त्याला तिथं जे नीट सांगता आलं नाही, ते इथं सांगतो. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा भागातल्या जुन्या लोकांना यातलं बरंच आपलंच वाटेल.

आपले लोक सुरतला आले ते पोटासाठी. शिवाजी महाराजांनी 1664 आणि 1670 ला सुरत लुटली हे शाळेत शिकलो. आमच्या पिढीचा मराठी माणूस मात्र भुसावळ-सुरत लाईनीच्या पॅसेंजरमधून, पत्र्याची पेटी आणि भाकरीचं गाठोडं घेऊन इथं उतरला. 1972 च्या दुष्काळानं खान्देशातली शेती मोडली, इकडे लूमचे कारखाने आणि डाईंग-प्रिंटिंगच्या मिली वाढत होत्या. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची गावंच्या गावं रेल्वेलाईनीच्या अलीकडे-पलीकडे येऊन बसली. एकाच्या खोलीत आठ जण, दिवसपाळीचे झोपायला आले की रातपाळीचे उठायचे.

त्या खोल्यांना पत्ता काय? "अमक्या किराणा दुकानाच्या मागं, लिंबायत, सुरत." एवढाच. त्यात आमच्या एका गल्लीत पंचवीसेक घरं पाटलांची. उरलेले चौधरी, महाजन, सोनवणे, कोळी. टपाली बिचारा गुजराती. सायकल टेकवून ओरडायचा, "पाटील! कागळ!" चार दारांतून चार पाटील बाहेर यायचे. मग तो चष्म्यावरून बघून विचारायचा, "कया पाटील?" हा प्रश्न आमच्या गल्लीत इतका मुरला होता की पोरं एकमेकांना हाक मारून चिडवायची, "कया पाटील?"

गंमत बघा, या प्रश्नाचं उत्तर देशपातळीवर शोधणारा माणूस मराठीच होता. श्रीराम भिकाजी वेलणकर. रत्नागिरी जिल्ह्यातले, संस्कृतमध्ये नाटकं आणि काव्यं लिहिणारे, आणि नोकरी टपाल खात्यात. एकाच नावाची अनेक गावं, पत्ते लिहिणारे निरनिराळ्या भाषांतले, अक्षर कसंही. त्यावर तोडगा म्हणून 15 ऑगस्ट 1972 ला सहा आकडी पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन त्या पोस्ट ऑफिसचे. गुजरातचा पहिला आकडा 3, महाराष्ट्राचा 4. म्हणजे आमचं सगळं आयुष्य 3 आणि 4 या दोन आकड्यांत येऊन-जाऊन होतं. दुष्काळाचं वर्ष आणि पिनकोडचं वर्ष एकच, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

पण पिनकोड पत्र पोस्ट ऑफिसपर्यंत आणतो. तिथून पुढं "कया पाटील?" शिल्लकच राहतं.

आमच्या गल्लीची पेटी म्हणजे नाक्यावरच्या पानाच्या टपरीतला खोबरेल तेलाचा रिकामा डबा. टपाली सगळी पत्रं त्यात टाकायचा. संध्याकाळी मिलीतून सुटलेली माणसं तिथं थांबायची. "काय भाऊ, चिठ्ठी उनी का?" ज्याला वाचता येतं तो सगळ्यांची वाचून दाखवायचा. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या बहिणीला पाहुणे बघून गेले, सगळं सगळ्यांना माहीत. तार आली तर मात्र कुणी वाचायला पुढं यायचं नाही. तार म्हणजे वाईट बातमी हे ठरलेलं. ती तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली.

पत्रांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मनीऑर्डरची पोच. सुरतेत हिऱ्यावाल्यांचा माल आणि रोकड आंगडियाकडून जायची. आमची शंभर-दोनशे रुपयांची पुंजी पोस्टातून जायची, वीस रुपयांमागं एक रुपया कमिशन देऊन. फॉर्मच्या खालच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असायची. नाना तिथं नेहमी तेच लिहायचे, "तब्येत बरी आहे, काळजी करू नये." मग दहा-बारा दिवसांनी त्या फॉर्मचा एक तुकडा परत यायचा, त्यावर गावाकडं माझ्या आजीचा अंगठा. निळा, पसरलेला. नाना तो तुकडा खिशात घालून मिलीत जायचे. आई जिवंत आहे आणि पैसे पोचले, एवढं त्यांना त्या अंगठ्यावरून कळायचं. एकदा पोच महिनाभर आली नाही. नाना दोन रात्री झोपले नाहीत, तिसऱ्या दिवशी खाडा करून गावी गेले. आजी ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. पोच डब्यातून दुसऱ्याच पाटलाच्या घरी गेली होती आणि त्यांच्या पोरानं तिची होडी करून गटारीत सोडली होती.

सप्टेंबर 1994 ला प्लेग आला. लाखो लोक सुरत सोडून पळाले, आम्हीही तोंडाला रुमाल बांधून गाडीच्या दारात लटकत गावी गेलो. परत आलो तेव्हा टपरी बंद, डबा गायब. पुढं 1995 ला एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले आणि शहराची साफसफाई, रस्ते, गटारी यांचं रूपच पालटलं. हळूहळू गल्ल्यांना नंबर पडले. दारांवर आकडे आले. पण पेट्या काही आल्या नाहीत.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती मी मिटिंगमध्येही सांगितली नव्हती.

1991 साली मी एका सरकारी कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला होता. लेखी परीक्षा पास झालो. मुलाखतीचं पत्र येणार होतं, साध्या टपालानं. मी रोज डबा बघायचो. आमच्याच गल्लीत माझ्याच आद्याक्षरांचा दुसरा पाटील राहायचा, रातपाळीचा. पत्र त्याच्या खोलीत गेलं. त्यानं ते उघडलंही नाही, वाचता येत नव्हतं, गावी जाताना उशीखाली ठेवून गेला. तो परत आला तेव्हा मुलाखत होऊन नऊ दिवस झाले होते. त्यानं ते पत्र दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं आणि रडायला लागला. मी त्याला काय बोलणार? त्याचा दोष नव्हता, टपाल्याचा नव्हता, टपरीवाल्याचाही नव्हता. पत्राला उतरायला जागाच नव्हती. मी पुढं तीस वर्षं मिलीत काढली. संसार झाला, पोरं शिकली, तक्रार नाही. पण ते पाकीट अजून माझ्याजवळ आहे.

आता आमची इमारत. खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्यावर आठ घरं, म्हणजे बत्तीस. बिल्डरनं जिन्याखाली गुडघ्याइतक्या उंचीवर पातळ पत्र्याच्या पेट्या लावून दिल्या होत्या. कुलपं पहिल्याच वर्षी गेली. मग एका पावसाळ्यात मिठी खाडीचं पाणी आत शिरलं. 2006 च्या ऑगस्टातला तापीचा महापूर ज्यानं पाहिलाय त्याला पाण्याचं नवल नाही. पण पाणी ओसरल्यावर पेट्या उघडल्या तर आत चिखलाचे गोळे. त्यात एका विधवा काकूंच्या बँकेचं नवं एटीएम कार्ड, एकाचं विम्याचं पत्र, एका भाडेकरूच्या पोरीचं आधार कार्ड.

म्हणून नव्या पेट्या. आणि मी म्हणालो, या वेळी नियम बघून करू.

नियम आहेत बरं का. गुजरातच्या 2017 च्या बांधकाम नियमावलीत सांगितलंय की तीन किंवा जास्त मजल्यांच्या इमारतीत प्रत्येक घरासाठी वेगळी टपालपेटी तळमजल्यावर हवी, टपाल खात्याला सहज टाकता येईल अशी. 2016 ची राष्ट्रीय इमारत संहिता तर सोसायटीच्या बहुमजली इमारतीला ऑफिस आणि टपालपेट्या मिळून 3.6 मीटर बाय 3 मीटरची खोली सुचवते. आमच्याकडं तेवढी जागा नाही, पण "तळमजला, घरटी एक, सहज हाताला येणारी" हे तीन मुद्दे आम्ही कागदावर लिहून घेतले.

उंचीचं असं ठरलं. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते, तीन फुटांच्या आत. म्हणून खालची रांग सव्वातीन फुटांवर. वर चार रांगा, प्रत्येक सहा इंचांची, म्हणजे सगळ्यात वरचं टोक सव्वापाच फुटांवर. म्हातारीच्या हाताला येतं, टपाल्याला वाकावं लागत नाही. रांगा इमारतीसारख्याच लावल्या: सगळ्यात वरची चौथ्या मजल्याची, खालची पहिल्याची. दहा इंच रुंद, बारा इंच खोल, म्हणजे मोठा कागदसुद्धा घडी न पडता सपाट बसतो. फट लांब पण अरुंद, पाकीट जावं आणि हात जाऊ नये. जागा जिन्याखालून काढून दरवाज्याच्या आत, छपराखाली, दिव्याजवळ. नाव रंगवलं नाही, कार्ड सरकवायची खोबण ठेवली, कारण भाडेकरू बदलतात. कार्डावर घर नंबर मोठा, आणि नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट. गुजरातीत आणि इंग्रजीत. या मुद्द्यावर मी अडून बसलो. नुसतं "पाटील" चालणार नाही म्हणालो. बत्तीस घरांत अकरा पाटील आहेत.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडं येतो. पत्र लिहितं कोण? प्रेमाचं कुणी लिहीत नाही, खरंय. पण बँकेची कार्डं येतात, विमा येतो, आधार येतं, नोटिसा येतात. आणि नोटिशीचं तर असं की 1897 च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम 27 प्रमाणे, नीट पत्ता लिहून, खर्च भरून रजिस्टरनं पाठवलेलं पत्र नेहमीच्या वेळात पोचलं असं धरतात. पोचलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर. रजिस्टर पेटीत टाकत नाहीत, सहीनंच देतात. पण आपण घरी नसलो तर टपाली चिठ्ठी ठेवून जातो, आणि ती चिठ्ठी पेटीतच पडते. ती हरवली तर पत्र पोस्टात पडून परत जातं आणि आपल्याला खबर नसताना कायदा म्हणतो, तुम्हाला मिळालं. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तरी ती चिठ्ठी राहिलीच.

पोरगा म्हणाला, आता डिजिपिन आलंय. बरोबर, 2025 मध्येच आलं. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा कोड. मी त्याला म्हटलं, तुझं घर चौथ्या मजल्यावर, माझं बरोबर खाली पहिल्यावर. वरून बघितलं तर दोघांचा चौकोन एकच. मग कया पाटील? सगळी मिटिंग हसली, तोही हसला. ठराव पास झाला.

शेवटी एक गोष्ट मी माझ्या खर्चानं करून घेतली. बत्तीस पेट्यांच्या शेजारी तेहतिसावी. तिच्यावर गुजरातीत आणि मराठीत लिहिलंय: "चुकून आलेलं टपाल इथं टाका." रोज संध्याकाळी मी ती उघडतो आणि जिचं तिला नेऊन देतो. गेल्या आठवड्यात त्यात एक पाकीट होतं, तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीचं, नर्सिंगच्या प्रवेशाचं. खालच्या पाटलांच्या पेटीत गेलं होतं, त्यांनी आणून टाकलं. मी जिने चढून गेलो. गुडघे दुखतात, पण गेलो.

तुमच्या गल्लीत पत्रं कुठं यायची? टपरी, किराणा दुकान, मंदिराचा ओटा? आणि कुणाकडं मनीऑर्डरची जुनी पोच जपून ठेवलेली असेल तर फोटो जरूर टाका. अंगठा असलेली असेल तर आणखी चांगलं.