पिवळ्या दिव्यामागचा आकडा

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा असतो. वरून उघडा वाडगा, बुडाला दातेरी नक्षी, आत उद्गारचिन्ह. टायर आडवा कापला तर तो असा दिसेल, पण हे कुणी सांगितल्याशिवाय पटकन लक्षात येत नाही. टायरमधली हवा कमी झाली की हा दिवा लागतो. मग आपण खाली उतरतो, चारही चाकांकडे बघतो, एखाद्याला लाथ मारतो आणि ‘ठीक तर दिसतंय’ म्हणत गाडी पुढे काढतो.

१९८६ साली पोर्शेच्या ९५९ या महागड्या गाडीत हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आली, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. साध्या गाड्यांमध्ये ती पोचली ती कायद्यामुळे. आणि तो कायदा झाला तो माणसं मेल्यावर.

२६ की ३०?

फोर्ड आणि फायरस्टोन या दोन अमेरिकी कंपन्यांचं नातं जुनं. १९०६ साली हेन्री फोर्डनं हार्वी फायरस्टोनकडून टायर घ्यायला सुरुवात केली. पुढे दोघांच्या नातवंडांचं लग्न झालं. त्या जोडप्याचा मुलगा बिल फोर्ड १९९९ साली फोर्डचा अध्यक्ष झाला. फायरस्टोन तोवर जपानच्या ब्रिजस्टोनकडे गेली होती, पण फोर्डच्या एक्सप्लोरर या लोकप्रिय एसयूव्हीला टायर तिचेच होते.

१९९० च्या दशकात या टायरांचे तुकडे पडू लागले. आजच्या टायरमध्ये रबराखाली स्टीलच्या तारांचे दोन पट्टे असतात. वेगात असताना वरचा पट्टा त्यावरच्या रबरासकट खालच्या पट्ट्यापासून सुटायचा. एक्सप्लोरर उंच गाडी. टायर असा फाटला की ताबा सुटायचा आणि गाडी उलटायची. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेनं (एनएचटीएसए) या टायरांशी जोडलेल्या मृत्यूंचा आकडा शेवटी २७१ वर नेला.

वादाच्या मध्यभागी हवा होती. एक्सप्लोररसाठी फोर्डनं सांगितलेला दाब होता २६ पीएसआय. फायरस्टोन नंतर म्हणाली, ३० हवा होता. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि पुढे सरकला की पुन्हा सरळ होतो. हवा जितकी कमी, तितकं हे दबणं जास्त, आणि प्रत्येक दबण्यातून उष्णता तयार होते. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडातला उन्हाळा, भरलेली गाडी, हायवेचा वेग आणि मऊ टायर, असं सगळं एकत्र आलं की रबर आणि स्टीलची पकड सुटू शकते.

मग २६ का? गाडी उलटण्याचा धोका कमी व्हावा म्हणून फोर्डनं दाब उतरवला, असा टीकाकारांचा आरोप होता. फोर्डच्या मते गाडी आरामशीर चालावी म्हणून तो दाब होता आणि दोष टायरचा होता.

टायरात दोष होताच. एनएचटीएसएच्या २००१ च्या अहवालात पट्ट्यांच्या कडेची रचना कमकुवत असल्याचं नोंदलं आहे. शिवाय संशयाची सुई इलिनॉयमधल्या डिकेटर कारखान्याकडे होती. १९९४ साली तिथे संप झाला होता. नव्या कामगारांना कमी पगार आणि १२ तासांच्या फिरत्या पाळ्या अशा कंपनीच्या मागण्या होत्या. संपकऱ्यांच्या जागी बदली कामगार भरले गेले, पुढे संपकरी परतले आणि दोघं शेजारी शेजारी काम करू लागले. ॲलन क्रूगर आणि अलेक्झांडर मास या अर्थतज्ज्ञांनी नंतर दाखवलं, की त्या तंट्याच्या काळात डिकेटरला बनलेले टायर इतर टायरांपेक्षा जास्त निकामी झाले. हवेचा दाब मोजता येतो. कारखान्यातला तणाव मोजणारा काटा कुठल्याच डॅशबोर्डवर नसतो.

आधी लागलेले दिवे

या प्रकरणात इशारे मिळालेच नव्हते असं नाही. १९९८ साली स्टेट फार्म या विमा कंपनीतल्या एका विश्लेषकाला दाव्यांमध्ये एक साचा दिसला. फायरस्टोनचे टायर फाटल्याची २१ प्रकरणं. त्यानं एनएचटीएसएला ईमेल केला. काही झालं नाही. १९९९ साली फोर्डनं सौदी अरेबिया आणि आखातातल्या इतर देशांत हे टायर बदलून द्यायला सुरुवात केली. परदेशातली अशी मोहीम अमेरिकी सरकारला कळवण्याचं बंधन तेव्हाच्या कायद्यात नव्हतं. फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्या केएचओयू या टीव्ही वाहिनीनं ही बातमी दाखवली. त्यानंतर तक्रारींचा ओघ लागला, मे महिन्यात चौकशी सुरू झाली आणि ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोननं टायर परत मागवले. एकूण १ कोटी ४४ लाख, त्यातले सुमारे ६५ लाख अजून रस्त्यावर होते.

मी सॉफ्टवेअर लिहितो. सर्व्हरनं कुठल्या आकड्याला बोंब मारायची हे ठरवणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यामुळे या इतिहासात मला सगळ्यात ओळखीचा वाटतो तो १९९८ चा ईमेल. इशारा बरोबर, पत्ताही बरोबर. फक्त तो आल्यावर काय करायचं हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

२५ टक्के की ३०?

१ नोव्हेंबर २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ‘ट्रेड ॲक्ट’वर सही केली. त्यात दोन इशाऱ्यांची सोय होती. कंपन्यांनी अपघाती मृत्यू, दावे आणि परदेशातल्या मोहिमांची माहिती सरकारला कळवत राहायची, हा एक. टायरमधली हवा बरीच कमी झाली तर गाडीनं चालकाला सांगायचं, हा दुसरा. ‘बरीच’ म्हणजे किती, हे नियमावर सोडलं होतं. भांडण तिथेच झालं.

हवा ओळखण्याच्या दोन पद्धती होत्या. पहिलीत प्रत्येक चाकात सेन्सर बसतो आणि दाब रेडिओवरून कळवतो. दुसरी स्वस्त. एबीएस ब्रेकसाठी चाकांचा वेग तसाही मोजला जातो. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून ते इतरांपेक्षा जास्त वेगानं फिरतं. तोच फरक पकडायचा. वेगळं हार्डवेअर नको, थोडं सॉफ्टवेअर पुरतं. कल्पना इतकी सुबक आहे की मला ती पहिल्यांदा वाचताना भारीच वाटली होती.

पण ती चाकांची एकमेकांशी तुलना करते. चारही चाकं एकदम मऊ झाली तर तिच्या लेखी सगळं आलबेल. आणि हे मुळीच दुर्मीळ नाही. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय हवा निघून जाते, तीही चारही चाकांतून जवळपास सारखीच. म्हणजे पंक्चर पकडलं जाईल, आळस पकडला जाणार नाही.

जून २००२ चा नियम दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा होता. एक तर चारपैकी कुठल्याही चाकांतली हवा २५ टक्के कमी झाल्यावर सांगा, नाही तर फक्त एका चाकातली ३० टक्के कमी झाल्यावर सांगा. स्वस्त पद्धतीला जागा मिळावी म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयानं दबाव आणला होता. त्यांचा तर्क अगदीच टाकाऊ नव्हता. ही पद्धत एबीएसवर चालते, त्यामुळे जास्त गाड्यांना एबीएस मिळेल आणि त्यातून जीव वाचतील. पब्लिक सिटिझन ही ग्राहक संघटना कोर्टात गेली. ऑगस्ट २००३ मध्ये अपील कोर्टानं दुसरा पर्याय कायद्याच्या हेतूविरुद्ध आणि मनमानी ठरवून नियम रद्द केला.

एप्रिल २००५ मध्ये नवा नियम आला. एक असो वा चार, हवा सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाली की २० मिनिटांच्या आत दिवा लागला पाहिजे. १ सप्टेंबर २००७ नंतर अमेरिकेत विक्रीसाठी बनलेल्या प्रत्येक नव्या कारमध्ये ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात २०१४ पर्यंत तसंच झालं.

दिवा लागला असता का?

आता एक हिशेब. समजा, १९९० च्या दशकातल्या एक्सप्लोररमध्ये आजचा दिवा असता. तो कधी लागला असता? सांगितलेला दाब २६ पीएसआय. त्याच्या २५ टक्के खाली म्हणजे साडेएकोणीस. नियमात अशा टायरांसाठी किमान मर्यादाही आहे, ती धरून २० म्हणू. म्हणजे २६ पासून २० पर्यंत दिवा गप्पच राहिला असता. फायरस्टोनला जे ३० हवे होते, त्यापेक्षा कितीतरी खाली.

दिवा हवा मोजतो आणि कंपनीनं दिलेल्या आकड्याशी ताडून बघतो. तो आकडा बरोबर आहे का, टायर कुणी, कुठल्या अवस्थेत बनवला, हे त्याला माहीत नसतं. दिवा त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. पण २७१ मृत्यूंचं उत्तर एकट्या दिव्यात नव्हतं. टायरच्या चाचण्या कडक करणं आणि कंपन्यांना माहिती द्यायला लावणं हे त्याच कायद्यातले भाग म्हणूनच दिव्यापेक्षा कमी महत्त्वाचे नव्हते. ते डॅशबोर्डवर दिसत नाहीत, एवढंच.

आपल्याकडे हा दिवा वेगळ्या वाटेनं नियमांत आला. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, दाबाची यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. तिकडे दिवा सक्तीचा झाला, इकडे तो स्टेपनीच्या बदल्यात मिळाला. आणि समृद्धी महामार्गावर झिजलेले टायर शोधायला आरटीओची माणसं उभी करावी लागली, कारण झीज या दिव्याला दिसत नाही.

म्हणून दिव्याचं काय करायचं ते थोडक्यात. तो लागून तसाच राहिला तर वेग कमी करा, सुरक्षित जागी थांबा आणि हवा मोजून घ्या. लाथ मारून दाब कळत नाही. सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवेपेक्षा यंत्रणेतच बिघाड असण्याची शक्यता जास्त. हवा भरायची ती सकाळी, टायर थंड असताना. आकडा घ्यायचा तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा. टायरवर कोरलेला आकडा कमाल दाबाचा असतो. आणि दिवा लागला नसेल तरी महिन्यातून एकदा पंपावर थांबून चारही चाकं तपासा. ३३ पीएसआयच्या गाडीत दिवा लागेपर्यंत तुम्ही २५ वर आलेले असता.