कुलगुरू आणि सरकार यांच्यातले अंतर

राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती, एवढे आपण वर्गात सांगतो. का, ते सहसा सांगत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पैसा सरकारचा, प्राचार्यही सरकारच नेमणार. त्यात लपवाछपवी नाही. विद्यापीठाचे तसे नसते. मराठवाड्यातली महाविद्यालये पूर्वी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. ते १९१८ मध्ये निजामाच्या फर्मानाने निघालेले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले ते कायद्याने. पैसा सरकारचा, पण मध्ये राज्यपाल. पहिले कुलगुरू डोंगरकेरी यांनी पुढे विद्यापीठांच्या स्वायत्ततेवर इंग्रजीत पुस्तकच लिहिले!

हे अंतर किती? २०१६ च्या कायद्यानुसार शोधसमितीने नावे सुचवायची, राज्यपालांनी निवड करायची. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने विधेयक मंजूर केले: समितीची नावे आधी सरकारकडे यावीत, सरकारने त्यांतली दोनच राज्यपालांकडे पाठवावीत. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि ते बारगळले. अर्थात राज्यपालही केंद्र सरकारच्याच सल्ल्याने नेमले जातात. म्हणजे वाद होता तो कोणत्या सरकारचा हात, एवढाच.

आम्हा प्रयोगशाळेतल्या माणसांना मात्र दुसरी दोरी जास्त जाणवते. कुलगुरू कोणीही असोत, अध्यापकांच्या रिकाम्या जागा भरायला मंत्रालयाची परवानगी लागतेच. संशोधन अनुदानातून यंत्र येते. त्यावर शिकवणारा माणूस फायलीत अडकलेला असतो.