वर्गातल्या दुसऱ्या बाई : इंग्लंडमधील शाळा-साहाय्यकांच्या अर्हतेचा इतिहास

१/ इंग्लंडमधील प्राथमिक शाळेच्या वर्गात पुष्कळदा दोन मोठी माणसे दिसतात. एक शिक्षक. दुसरी, बहुधा एक स्त्री, मागे पडलेल्या मुलाशेजारी बसून त्याच्याकडून धडा वाचून घेते, रंग कालवून ठेवते, खरचटलेला गुडघा धुते. या कामाला कौशल्य म्हणावे की नुसती माया, हा प्रश्न तेथे अर्धशतकाहून अधिक काळ भिजत पडला आहे.

२/ १९६७ च्या प्लाउडन अहवालाने प्राथमिक शिक्षकांना मदतनीस द्यावेत, अशी शिफारस केली. पुढे १९७८ चा वॉरनॉक अहवाल आणि १९८१ चा शिक्षण कायदा यांमुळे विशेष गरजा असलेली अधिक मुले सर्वसाधारण शाळांत येऊ लागली. त्यांच्यासाठी साहाय्यक नेमले गेले. त्यांत परिसरातील माताच अधिक. काम अर्धवेळ, वेतन तुटपुंजे.

३/ दरम्यान १९८६ मध्ये राष्ट्रीय व्यावसायिक अर्हता परिषद स्थापन झाली. तिची कल्पना वेगळी होती : आधी प्रत्येक व्यवसायातील कामाचे बारकाईने वर्णन करावे, त्याला ‘मानक’ म्हणावे, मग उमेदवाराने ते काम प्रत्यक्ष कामाच्या जागी करून दाखवावे. लेखी परीक्षेपेक्षा मूल्यमापकाचे निरीक्षण आणि पुराव्यांची धारिका यांना महत्त्व आले.

४/ १९९३ मध्ये सरकारने लहान मुलांना शिकवण्यासाठी पदवी नसलेल्यांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला. शिक्षकांनी त्याची ‘आयांची फौज’ अशी संभावना केली आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. व्यवसायाची प्रतिष्ठा राखण्याची ही धडपड समजण्याजोगी होती. परंतु मुले सांभाळण्याचा अनुभव ही हसण्याची गोष्ट ठरली, हेही खरे.

५/ १९९८ च्या सरकारी धोरणपत्राने आणखी हजारो साहाय्यक नेमण्याचे ठरवले. २००१ मध्ये अध्यापन साहाय्यकांसाठी राष्ट्रीय व्यवसायमानके मंजूर झाली आणि त्यांवर दुसऱ्या व तिसऱ्या स्तराच्या अर्हता उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षे ‘वरकाम’ समजले गेलेले काम प्रथमच देशपातळीवर कलमवार लिहिले गेले.

६/ जानेवारी २००३ मध्ये सरकार, नियोक्ते आणि बहुतेक कर्मचारी संघटना यांच्यात कार्यभार करार झाला. शिक्षकांची कारकुनी कामे साहाय्यक कर्मचाऱ्यांकडे जाणार होती. ‘उच्चस्तरीय साहाय्यक’ हा नवा दर्जाही आला. शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने (एनयूटी) मात्र सही केली नाही. शिक्षकाच्या जागी स्वस्त माणूस उभा केला जाईल, ही तिची भीती होती.

७/ २००९ मध्ये लंडनच्या शिक्षणसंस्थेतील पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांचे निष्कर्ष आले : ज्या मुलांना साहाय्यकांची मदत जास्त मिळाली, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली होती. संशोधकांनी दोष साहाय्यकांना दिला नाही. शिक्षकाशी बोलायला त्यांना वेळच मिळत नव्हता, आणि सर्वांत अडलेली मुले शिक्षकाऐवजी त्यांच्यावर सोपवली जात होती. मानकांनी व्यक्तीची क्षमता मोजली. शाळेची जबाबदारी कोणी मोजली नाही.

८/ वेतनाचेही तेच. अनेकांना केवळ सत्रातील आठवड्यांचाच पगार मिळतो. २००९ च्या कायद्याने शाळा-साहाय्यक कर्मचाऱ्यांसाठी राष्ट्रीय वाटाघाटी मंडळ निर्माण केले. सत्तांतरानंतर २०११ च्या कायद्याने ते रद्द झाले. पुढे शिक्षण खात्यानेच तयार करवून घेतलेली नवी व्यावसायिक मानके सरकारने प्रसिद्ध केली नाहीत. अखेर २०१६ मध्ये संघटनांनीच ती प्रकाशित केली.

९/ २०२४ मध्ये मांडलेल्या रोजगार हक्क विधेयकात ते मंडळ पुन्हा आणण्याची तरतूद झाली. साहाय्यकांना काय यायला हवे, हे २००१ मध्येच ठरले होते. त्याचे मोल किती, हे ठरवायला मात्र पुढची दोन दशके पुरली नाहीत. प्रमाणपत्राने कौशल्याला नाव मिळते. दाम मिळायला वाटाघाटीचे मेज लागते.