तात्यांची वही

दिवाळीला कर्जतला गेलो होतो. घराची मागची खोली पाडायची ठरलंय, त्यामुळे माळ्यावरचं सगळं सामान खाली काढलं. पितळेचे हंडे, मोडका पाळणा, जुनी पंचांगं, आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत तात्यांची वही. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली, वर त्यांच्या त्या सुंदर शिक्षकी अक्षरात एकच शब्द : मानवत.

घरातल्या नव्या पिढीसाठी सांगतो. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. प्राथमिक शिक्षक, गणित पक्कं, पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणार. आणि आता कळतंय ते असं, की दोन-तीन वर्षं हा माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात गुप्तहेर होता.

मानवत परभणी जिल्ह्यात, आमच्यापासून जामखेड-बीड करत सुमारे दोनशे किलोमीटर. तिथे १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ ह्या काळात दहा खून झाले. दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली, एक वर्षाची तान्ही पोर आणि चार बायका. पहिल्या खुनाची तारीख पुन्हा वाचा. बालदिन.

बाहत्तर साल म्हटलं की आमच्या भागात दुसरं काही सांगावं लागत नाही. दुष्काळ. सगळं गाव खडी फोडायला नाहीतर तलावाच्या कामावर. लाल मिलोच्या भाकरी, पोरांना सुकडी. मी तेव्हा आठ वर्षांचा. आईबाप दिवसभर कामावर आणि पोरं मोकाट, अशा दिवसांत मानवतच्या बातम्या यायला लागल्या. दुष्काळापेक्षा ती भीती मला जास्त आठवते. चौऱ्याहत्तरच्या आषाढात गोदड महाराजांच्या रथयात्रेला आजीने माझं आणि चुलत बहिणीचं मनगट एका उपरण्याने एकत्र बांधलं होतं. तोपर्यंत मानवतला धरपकड होऊन गेली होती, पण आजीला कोण सांगणार?

तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी गेले. १९६८ साली रामन राघवला पकडणारे तेच. मग उलगडलं ते असं : गुप्तधन, पिंपळ, त्यावरचा मुंजा, त्याला हवं असलेलं कुमारिकांचं रक्त आणि मूल होण्याची आस. रुक्मिणी आणि गावातलं बडं प्रस्थ उत्तमराव बऱ्हाटे हे सूत्रधार, बाकीचे हुकमाचे ताबेदार, असा पोलिसांचा दावा. अठरा आरोपी. त्यातले दोघे माफीचे साक्षीदार झाले.

आता तात्यांची वही. पहिली चाळीस पानं वाचताना मला खरंच अभिमान वाटला. कात्रणं खळीने चिकटवलेली, शेजारी तारीख, वार. मानवतचा हाताने काढलेला नकाशा. ‘पेपर असे म्हणतो’ आणि ‘मला असे वाटते’ हे दोन रकाने वेगळे! पुढे एक तक्ता आहे, ज्यात प्रत्येक खुनासमोर पंचांगातली तिथी लिहिलीय. तात्यांचा सिद्धांत होता की खून अमावास्या-पौर्णिमेला होतात. पण १४ नोव्हेंबर १९७२ ला ना अमावास्या ना पौर्णिमा. ४ जानेवारी १९७४ लाही नाही. पहिली नि शेवटची, दोन्ही टोकं निसटली. गणिताच्या मास्तराने इथे सिद्धांत खोडायला हवा होता. त्याऐवजी समासात लिहिलंय, ‘आदल्या अमावास्येपासून तयारी सुरू असावी.’

ह्या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. माणूस इथेच घसरतो. पुरावा बसत नाही म्हटल्यावर तो पुराव्यालाच थोडं ताणतो.

आणि मग पान त्रेसष्ट. मथळा : ‘आपल्याकडील संशयित’. चार नावं. पहिलं नाव आमच्या वावराची राखण करणाऱ्या पारध्याचं.

तो मला चांगला आठवतो. बांधापलीकडे त्याचं पाल होतं. माझ्यासाठी एकदा त्याने लाव्हा पक्षी आणला होता, जिवंत, आणि मी पाहून झाल्यावर सोडून दिला होता. तात्यांनी त्याच्या नावापुढे तीन कारणं लिहिलीत. पालाजवळ पिंपळ आहे. देवाला कोंबडं कापतो. आणि ‘मराठवाड्यात जाऊन येतो’. बस्स. ह्या हिशेबाने निम्मा तालुका आत जायला हवा होता. पण निम्म्या तालुक्याचं नाव नाही आलं, त्याचं आलं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कागदावरून गेला. तात्यांसारख्या सज्जन माणसाच्या डोक्यात तो वीस वर्षांनंतरही जिवंत होता.

खाली दोन ओळी आहेत. ‘योग्य ठिकाणी कळविले.’ आणि तीन दिवसांनी, ‘चौकशी झाली. निष्पन्न काही नाही.’

कुणाला कळवलं, चौकशी कुणी आणि कशी केली, वहीत नाही. काकूंना विचारलं. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, पण स्मरण पक्कं. म्हणाल्या, “दोन रात्री नेलं होतं त्याला. आला तेव्हा लंगडत होता. मग राखण सोडली त्याने. एका सकाळी पाल नव्हतं तिथे.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “तुझ्या तात्यांना नको विचारू बाबा.” तात्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.

तिकडे मानवतचं काय झालं? परभणीच्या सत्र न्यायालयात शिक्षा झाल्या. अपिलात मात्र रुक्मिणी आणि उत्तमराव, ज्यांना सगळा महाराष्ट्र सूत्रधार मानत होता, ते सुटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९ एप्रिल १९७७ ला दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल लागला. पुढे सरन्यायाधीश झालेले न्या. यशवंत चंद्रचूड ह्यांनी लिहिलेला. वकिलीचे विद्यार्थी तो अजून वाचतात. त्याचं एक सूत्र साध्या भाषेत असं : जो स्वतः गुन्ह्यात सामील होता, तो माफीच्या बदल्यात दुसऱ्याचं नाव घेतो तेव्हा फक्त त्याच्या शब्दावर विसंबू नका. प्रत्येक आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा वेगळा, स्वतंत्र दुवा दाखवा.

म्हणजे दहा जीव गेले आणि ‘हे कुणी करवलं?’ ह्या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या दप्तरात कोरंच राहिलं. त्या मुलींच्या आयांचा विचार केला की गलबलून येतं. तात्यांनी त्या कात्रणाशेजारी लाल शाईने लिहिलंय, ‘सुटले!’ त्या उद्गारचिन्हातला संताप मला समजतो. पण जो नियम तात्यांना इतका झोंबला, तोच आमच्या बांधावर कुणी लावला असता तर तो माणूस दोन रात्री कुठेही गेला नसता.

हे जुनं झालं म्हणावं, तर तसंही नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी, मंगळवेढ्याकडचे. तिथे वहीसुद्धा नव्हती, फोनवर फिरलेली अफवा पुरली. त्याआधी २०१६ च्या जुलैत आमच्याच तालुक्यात कोपर्डी घडलं. तेव्हा माझ्यासकट प्रत्येक जण घरबसल्या तपास करत होता हे मी विसरलेलो नाही. तिथे निकाल न्यायालयात लागला, नोव्हेंबर २०१७ मध्ये.

तेव्हा सिरीज नव्हत्या, आता आहेत. पुतण्या म्हणतो, “काका, मानवतवर २०२४ मध्ये सिरीज आली, बघा ना.” बघेन. १९८१ चा अमोल पालेकरांचा ‘आक्रीत’ पाहिला होता, तेंडुलकरांनी लिहिलेला. तेव्हा तात्याही बरोबर होते. परत येताना एस.टी.त एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं होतं, झोप आली असेल.

चुलतभावाला विचारलं, हे लिहू का? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “लिही. पण त्यांचं नाव नको.” म्हणून नाव लिहिलेलं नाही.

वही पूर्ण वाचली, शेवटच्या कोऱ्या पानांपर्यंत. त्या चार नावांवर कुठेही काट मारलेली नाही.

असो. घरातल्या जुन्या मंडळींना एकच विनंती. चौऱ्याहत्तरनंतर ते पाल कुठल्या गावाला गेलं हे कुणाला ठाऊक असेल, ऐकीव का असेना, तर मला फोन करा. त्यांची नातवंडं असतील कुठेतरी. जाऊन काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही, पण जायचं ठरलंय.