गरुड, कपी आणि एक कवटी

आजोळी अंगणात कोंबडी पिल्लं घेऊन हिंडायची. घारीची सावली जमिनीवर सरकली की आजी हातातलं काम टाकून धावायची आणि पिल्लांवर डालगं पालथं घालायची. पुढं मानवाच्या उत्क्रांतीविषयी वाचताना तीच सावली मला पुन्हा भेटली. पंचवीस लाख वर्षांहून जुन्या एका कवटीवर!

श्रोतेहो, गरुड श्रेष्ठ की कपी, असं कुणी विचारलं तर आपण कपीच्या बाजूनं कौल देऊ. गोरिला, चिंपांझी यांचं हे कुळ आपल्या नात्यातलं. मेंदू मोठा, हात कुशल. त्यापुढं चार किलोंच्या आसपास वजनाच्या गरुडाची काय कथा? विज्ञानानंही बराच काळ असाच विचार केला.

१९२४ साली दक्षिण आफ्रिकेत टाउंग इथल्या चुनखडीच्या खाणीत एक जीवाश्म मिळाला. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातले शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांनी दगडातून तो मोकळा केला. चेहरा होता तीन-चार वर्षांच्या पोराचा. मेंदू कपीएवढा लहान, पण दात माणसासारखे. मज्जारज्जूचं छिद्र कवटीच्या तळाशी पुढच्या बाजूला होतं. म्हणजे हा जीव दोन पायांवर उभा राहत असावा. फेब्रुवारी १९२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातून डार्ट यांनी त्याचं नाव जाहीर केलं : ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस, म्हणजे आफ्रिकेचा दाक्षिणात्य कपी.

इंग्लंडमधल्या पंडितांनी ते मानलं नाही. त्यांच्याकडं ‘पिल्टडाउन मानव’ होता. मोठ्या मेंदूचा आणि कपीच्या जबड्याचा. १९५३ साली तो बनावट ठरला. त्याआधीच दक्षिण आफ्रिकेत रॉबर्ट ब्रूम यांना त्याच जातीच्या प्रौढांचे अवशेष सापडले आणि डार्ट खरे ठरले.

पण खरे ठरलेले डार्ट पुढं एके ठिकाणी चुकले. या जीवाश्मांबरोबर बबून माकडांच्या फुटक्या कवट्या आणि हाडांचे ढीग मिळत. हे सारं आपल्या पूर्वजांनीच हाडांची हत्यारं करून मारलं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९५३ साली त्यांनी माणूस हा मुळातच शिकारी, रक्तपिपासू कपी असल्याचं मत मांडलं. दोन महायुद्धं पाहिलेल्या जगाला ते पटलंही. रॉबर्ट आर्ड्री यांच्या १९६१ मधल्या पुस्तकानं ते घरोघरी नेलं. हिंसा रक्तातच आहे म्हटलं, की जबाबदारीही संपते.

मग सी. के. ब्रेन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या गुहांमधली हाडं चिकाटीनं तपासली. स्वार्टक्रान्स इथल्या एका कवटीवरची दोन छिद्रं बिबट्याच्या सुळ्यांशी जुळली. आपले पूर्वज शिकारी नव्हते, सावज होते! १९८१ साली त्यांचा ग्रंथ आला. पुढं १९९५ मध्ये ली बर्गर आणि रॉन क्लार्क यांनी टाउंगच्या हाडांकडं नव्यानं पाहिलं. त्यांतले बरेचसे प्राणी लहान होते आणि हाडांवरच्या खुणा मोठ्या शिकारी पक्ष्याशी जुळणाऱ्या होत्या. त्या पोराला गरुडानं मारलं असावं, असं त्यांनी सुचवलं. अनेकांना शंका होती. आफ्रिकेतला मुकुटधारी गरुड मात्र स्वतःहून जड माकडं आणि हरणं मारतो. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात या गरुडांच्या घरट्यांखाली पडलेल्या माकडांच्या कवट्या संशोधकांनी अभ्यासल्या. त्यांच्या डोळ्यांच्या खोबणीत ठरावीक भोकं आणि ओरखडे होते. ते वर्णन वाचून बर्गर यांनी टाउंगची कवटी पुन्हा हातात घेतली. तशाच खुणा तिच्या खोबणीत होत्या! ते वर्ष २००६. ऐंशी वर्षं ही कवटी तज्ज्ञ पाहत होते, पण खुन्याची खूण डोळ्यांतच राहून गेली होती.

आता गरुड आणि कपी यांची तुलना पुन्हा करून पाहा. ताकद, मेंदू, हात यांपैकी काहीही त्या पोराला वाचवू शकलं नाही. आपल्या वंशानं शिकारीची हत्यारं उचलली ती फार पुढं. त्याआधी लाखो वर्षं आपण आकाशाकडं भीतीनं पाहत जगलो. एकमेकांना हाका मारणं, पोरांना मधोमध ठेवून चालणं, ही बहुधा त्याच भीतीची शिकवण असावी.

म्हणून कुणी ‘माणूस जन्मतःच खुनी’ म्हणालं, की मला टाउंगचं ते पोर आठवतं. आणि त्याबरोबर आठवते डालगं घेऊन धावणारी आजी.