मोळी, बंडी आणि पिकअप

राजांनी लढाया कुठे केल्या, तह कुणाशी केले, हे आपल्याला शाळेत शिकवलं जातं. त्या राजांच्या मुदपाकखान्यात लाकूड कुठून येत होतं आणि ते कुणाच्या डोक्यावरून येत होतं, हे मात्र कुठल्या धड्यात नसतं. लढाईवाचून माणसाची पिढ्यान्‌पिढ्या गेली तरी चालतं, पण जळणावाचून एक दिवस जात नाही. म्हणून आज थोडं सरपणाबद्दल बोलू. आमच्या वऱ्हाडात त्याला जळतन म्हणतात. ते जंगलातून गावात आणि गावातून शहरात कसं गेलं आणि त्याचं ओझं कुणाच्या वाट्याला आलं, एवढंच बघायचं आहे. बोलणं वाशीम जिल्ह्याचं आहे, पण चूल सगळीकडे सारखीच असते.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची इथे राजधानी होती. वाकाटकांच्या ताम्रपटांत एक गोष्ट फार बोलकी आहे. गाव दान देताना त्या गावाला कशाकशातून सूट दिली, याची यादीच राजा कोरून ठेवतो. अचलपूरजवळच्या चम्मक इथे सापडलेला दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट पाहा. राजाच्या माणसांना कातडं आणि कोळसा पुरवण्यातून त्या गावाला सूट आहे, आणि सगळ्या प्रकारच्या विष्टीतून, म्हणजे वेठीतूनही सूट आहे. आता ही यादी उलट बाजूनं वाचा. एका गावाला सूट मिळाली, याचा अर्थ बाकीच्या गावांना ती नव्हती. अधिकारी मुक्कामाला आला की कुणीतरी झाड तोडत होतं, कुणीतरी भट्टी लावत होतं आणि कुणीतरी तो कोळसा डोक्यावरून पोचवत होतं. आपल्या भागातल्या जळणाच्या ओझ्याची लेखी नोंद आहे ती अशी, दीड हजार वर्षांपूर्वीची आणि सुटीच्या रूपानं आलेली.

पुढे ओझं वाहण्याचा धंदा ज्यांच्या नावावर लागला, ते बंजारा. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचं ठिकाण आपल्या जिल्ह्यात आहे, देशभरातले बंजारा तिथे येतात. या लोकांचे बैलांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन मुलूखच्या मुलूख ओलांडत. एका बैलाच्या पाठीवर शंभर-सव्वाशे किलो माल, आणि असे शेकडो बैल. फौजांना रसदही त्यांनीच पुरवली. मग पक्के रस्ते झाले, रूळ आले. मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली आणि पाठीवरच्या व्यापाराची पाठच मोडली. वाशीमपर्यंत रूळ यायला पुढे बराच काळ गेला, पण धंदा त्याआधीच गेला होता. तांडे डोंगराच्या कडेला स्थिरावले. कुणी शेती धरली, कुणी जनावरं राखली, आणि पुष्कळांच्या घरच्या बायकांनी मोळी विकायला सुरुवात केली. ज्यांच्या बैलांनी देशाचं मीठ वाहिलं, त्यांच्या लेकीसुनांच्या डोक्यावर जळतन आलं.

रेल्वेनं जंगलाचंही गणित बदललं. रुळांखाली सागाचे स्लीपर लागत आणि सुरुवातीच्या काळात कित्येक ठिकाणी इंजिनं लाकडावरच चालत. लाकूड संपेल ही भीती सरकारला तेव्हा वाटली. १८६४ साली डायट्रिच ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले, १८६५ साली आणि १८७८ साली वन कायदे झाले. वऱ्हाड तेव्हा निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेला मुलूख, म्हणून त्याच्यासाठी १८८६ साली वेगळा वन कायदा आला. जंगलाचे वर्ग पडले. पहिला वर्ग लाकूड आणि इंधनासाठी, दुसरा गवताच्या रमण्यांसाठी, तिसरा चराईसाठी. काल जे रान होतं, त्याला अक्षरं लागली. खेड्यातली माणसं सरकारी पडीक जमिनीला आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. वर्गवारीचा तो काळ असा आपल्या जिभेवर राहिला आहे.

१८७८ आणि पुढे १९२७ च्या वन कायद्यातली दोन कलमं नीट ऐकण्यासारखी आहेत. एक असं, की गुन्ह्यात वापरलेली हत्यारं, होड्या, गाड्या आणि गुरं जप्त करता येतील. म्हणजे कुऱ्हाड गेली, बंडी गेली आणि बंडीचे बैलही गेले. शेतकऱ्याचा बैल जाणं म्हणजे काय, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. दुसरं असं, की जंगलातला माल कुणाचा, असा वाद उभा राहिला तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच समजावा. मोळीवालीनं सिद्ध काय करायचं? तिच्याजवळ चुंबळ आणि दोर, कागद कुठला असणार?

हा राग साठत गेला आणि १९३० साली बाहेर पडला. गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला, पण वऱ्हाडात समुद्र नाही. अकोल्याजवळ दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढून झालं. पुढे काय? तेव्हा लोकनायक बापूजी अणे यांनी आपल्या मुलखाची दुखती नस ओळखली. १० जुलै १९३० रोजी त्यांनी वाशीमला लागूनच असलेल्या पुसद भागात राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. तिथून जंगल सत्याग्रह पसरत गेला. मोठमोठ्या शब्दांऐवजी हातात विळा होता आणि मागणी अगदी साधी होती: गुरांना गवत, चुलीला लाकूड. स्वातंत्र्याच्या लढ्यात खेड्यातला माणूस का उतरला, याचं एक उत्तर त्या गवताच्या पेंडीत आहे.

स्वातंत्र्यानंतर ओझ्याला इंजिन मिळालं. १९८६ साली टाटांची ‘चारशे सात’ आली, २००५ साली ‘एस’ आली आणि लोकांनी तिचं नाव ‘छोटा हत्ती’ करून टाकलं. त्याच काळात महिंद्राच्या पिकअप गाड्या खेडोपाडी पोचल्या. ट्रक जिथे वळत नाही, तिथे पिकअप वळते. ती पांदणीतून जाते, नाल्यातून जाते आणि थेट शेताच्या धुऱ्याला जाऊन लागते. मोळी साधारण पंचवीस किलोची धरा. दीड टन माल घेणारी पिकअप म्हणजे साठ मोळ्या. साठ बायकांचं दिवसभराचं चालणं एक गाडी तासाभरात संपवते. आणि प्रत्यक्षात दीड टनावर कोण थांबतं? कमानपाट्यात एक पट्टी वाढवायची, हौद्याला लाकडी खुंटे लावायचे आणि टपाच्या वरपर्यंत रचायचं.

लाकूड भरणं ही एक विद्या आहे. जाड बुंधे खाली आणि केबिनच्या बाजूला, बारीक फाटे वर. वजन मागच्या फाळक्याकडे सरकलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हाताला लागत नाही. मेडशीकडून पातूरकडे घाट उतरताना अशी गाडी ब्रेकवर नाही, खालच्या गिअरवर उतरवावी लागते. त्यातही लाकूड ओलं असेल, तर वजनाचा तिसरा हिस्सा, कधी निम्मा हिस्सा नुसतं पाणी असतं. डिझेल जाळून पाणी वाहायचं, असा तो सौदा. तरी ओलंच भरतात, कारण लाकूड वजनावर विकलं जातं आणि वाळवत ठेवायला सवड कुणाला आहे? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. जादा वजनाचा मूळ दंड दोन हजारांवरून वीस हजारांवर गेला आणि प्रत्येक जादा टनाला आणखी दोन हजार. गाडीचा हप्ता भरणाऱ्या चालकाला एक पावती महिन्याभराची कमाई नेते. जंगलखात्यानं धरलं तर गाडीच जप्त. बैलांच्या जागी पिकअप आली, भीती तीच राहिली.

पण या गाड्यांत आज दिसतं ते बरंचसं लाकूड जंगलातलं नसतं, धुऱ्यावरचं असतं. इथे मला जास्त वाईट वाटतं. धुऱ्यावरची बाभूळ शेतकरी का राखायचा? तिच्या लाकडाची बंडीची चाकं व्हायची, वखर व्हायचा, तिफण व्हायची. शेळ्यांना शेंगा मिळायच्या, काट्यांचं कुंपण व्हायचं. सुताराच्या घरची चूल त्याच बाभळीच्या ढलप्यांवर पेटायची. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, बंडी गोठ्याच्या मागे उभी राहून सडली. मग बाभळीचं करायचं काय? ज्या झाडाची बंडी व्हायची, ते झाड आता पिकअपमध्ये जळतन होऊन जातं. शेतकऱ्याला रोख दोन पैसे मिळतात, अडीनडीला ते लागतातही. पण बाभूळ एकदाच विकता येते.

हे लाकूड जातं कुठे? वीटभट्टीला, बेकरीला, हॉटेलच्या भट्टीला. लग्नाचा हंगाम आला की आमच्याकडे देगीखाली आणि शेजारच्या मांडवात बुंदीच्या कढईखाली एकाच गाडीतलं लाकूड जळतं. आणि मुक्तिधामात जातं. एका चितेला तीनेकशे किलो, म्हणजे सात-आठ मण लाकूड लागतं. आमच्या मय्यतीला जाळायला लाकूड लागत नाही, पण कबरीवर माती लोटण्याआधी फळ्या लावाव्या लागतात, त्या झाडाच्याच. शेवटच्या प्रवासातही झाड सगळ्यांना पुरून उरतं. गरिबाच्या चुलीला मात्र यातलं फारसं काही येत नाही. तिथे पऱ्हाटी, तुराटी आणि गोवऱ्या जळतात. २०१६ साली उज्ज्वला योजनेतून घरोघरी सिलिंडर गेला. पण तो पहिल्यांदा येणं वेगळं आणि दर वेळी भरून आणणं वेगळं. मजुरीचे दिवस आटले की सिलिंडर कोपऱ्यात जातो आणि चूल पुन्हा पेटते.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. गौण वनउपजात त्यानं झुडपी लाकूड आणि खुंटही धरले. पण २००७ च्या नियमांत हा माल नेण्याची साधनं नावानिशी लिहिली गेली: डोक्यावरून, सायकलवर, हातगाडीवर. मोटारगाडी आली की जुने वाहतुकीचे नियम लागू. हक्क दिला, पण तो डोक्यावरच वाहा, असं सांगितलं. २०१२ साली ते शब्द बदलले आणि ‘योग्य साधनानं’ नेण्याची मुभा मिळाली. कागदावरचे दोन-चार शब्द बदलले इतकंच. पण डोक्यावरचं ओझं ही गरिबाची निसर्गदत्त जागा नाही, हे कायद्यानं त्या दिवशी मान्य केलं. वाकाटकांच्या ताम्रपटात एका गावाला मिळालेली सूट इथे निदान शब्दांत तरी सगळ्यांपर्यंत आली.

शब्दांतून ती रस्त्यावर यायला अजून बरंच बाकी आहे. तांड्यानं किंवा ग्रामसभेनं स्वतःची गाडी करावी, वाळलेलं आणि पडलेलं तेवढंच लाकूड उचलावं, परवान्याचा कागद आपल्या नावावर घ्यावा आणि पैसा गावात आणावा, एवढी वाट या नियमानं मोकळी केली आहे. सोबत प्रत्येक धुऱ्यावर बाभळीचं आणि निंबाचं एकेक रोप लागलं पाहिजे. ते वाढायला दहा-पंधरा वर्षं लागतील. तोडायला कुऱ्हाडीला सकाळची वेळ पुरते, म्हणून लावायला उद्याची वाट पाहू नये.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)